थंडी पॅनेलला मानवते, बॅटरीला नाही

(ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या संक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात दिलेलं व्याख्यान)

मंडळी, शाली आणि कानटोप्या सावरत तुम्ही एवढ्या गारठ्यात आलात, मनापासून बरं वाटलं. ग्वाल्हेरचा जानेवारी आपल्याला नवा नाही. पारा तीन-चारावर आणि दहा वाजले तरी किल्ला धुक्यात. पण गच्चीवर सोलर आल्यापासून एक नवा प्रश्न कानावर येतो, ‘ताई, थंडीनं ते बंद पडतं का हो?’

पॅनेल बंद पडत नाही. उलट गारव्यात ते जोमानं चालतं. सिलिकॉनचा सेल तापला की त्याचं व्होल्टेज घटतं, गार झाला की वाढतं, दर अंशाला साधारण पाव ते तीन दशांश टक्के. मे महिन्यात आपल्या गच्चीवर पॅनेल 60 अंशांच्या वर तापतं, तेव्हा ते खरं मलूल असतं. हिवाळ्यात युनिट कमी पडतात ते दिवस लहान, ऊन तिरपं आणि धुकं दाट म्हणून.

मात्र याच वाढलेल्या व्होल्टेजनं माझ्या घरी नुकसान केलं आहे. तीन पॅनेल एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेली. मागच्या पट्टीवर प्रत्येकाचं ओपन सर्किट, म्हणजे भार नसतानाचं, व्होल्टेज 49.5 छापलेलं. तिन्ही मिळून 148.5. पॅनेलची वीज बॅटरीत बेतानं भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरची मर्यादा 150. बसवणारा म्हणाला, ‘बसतंय.’ मीही बेरीज तपासली आणि हो म्हटलं. तो छापील आकडा 25 अंशांचा असतो, हे त्या क्षणी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पुढच्या जानेवारीत एका सकाळी धुकं एकाएकी फाटलं, लख्ख ऊन पडलं, पॅनेल अजून पाच अंशांच्या आसपास गार. 20 अंश कमी म्हणजे साडेपाच टक्के जास्त, म्हणजे 156 व्होल्टच्या वर. कंट्रोलर जागा होतो तेव्हा पॅनेलवर भार नसतो, सगळं व्होल्टेज थेट त्याच्यावर येतं. जळका वास जिन्यापर्यंत आला. म्हणून सांगते, जोडणीचा हिशेब आपल्या गावच्या सगळ्यात गार सकाळचा धरून करायला लावा, आणि तो कागदावर मागून घ्या.

आता बॅटरी. तिची गोष्ट अगदी उलटी. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीची, म्हणजे शिसं आणि आम्लाच्या बॅटरीची, ताकद शून्य अंशाला पाचव्या हिश्शानं तरी उतरते. शिवाय थंडीत तिला भरायला व्होल्टेज जास्त लागतं. 12 व्होल्टच्या बॅटरीला पाच अंशांवर जवळजवळ अर्धा व्होल्ट अधिक. इन्व्हर्टरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो हे स्वतः करतो. ती बारीक वायर बॅटरीच्या अंगाला चिकटवायची असते. किती घरांत ती खोक्यातच राहिलेली मी पाहिली आहे! सेन्सर नसेल, तर बॅटरी रोज अर्धपोटी राहते आणि फेब्रुवारीत दोष कंपनीला जातो.

माझा भाचा लेहला सोलरची कामं करतो. त्याच्याकडे मी एक हिवाळा काढला. तिथे रात्री पारा उणे 15च्याही खाली जातो. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 50लाही गोठत नाही, पण रिकामी झालेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठते, कारण आत नुसतं पाणीच उरल्यासारखं असतं. गोठली की फुगते आणि खोका तडकतो. लिथियमची तऱ्हा वेगळी. शून्याखाली ती वीज देते, पण तेव्हा ती भरू नये. तशीच भरली तर लिथियम आतल्या ग्रॅफाइटवर धातूच्या रूपात साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगल्या बॅटरीत बीएमएस, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारं आतलं सर्किट, अशा वेळी चार्जिंग थांबवतं; विकत घेताना हे विचारूनच घ्या. तिथली माणसं बॅटरी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, थर्माकोल लावलेल्या पेटीत ठेवतात आणि पॅनेल इतकी उभी लावतात की बर्फ आपसूक घसरतो. उरलेला मऊ झाडूनं लोटायचा. फावडं लावायचं नाही आणि गरम पाणी तर मुळीच ओतायचं नाही, काच तडकते.

आपल्याकडे गच्चीवरच्या पत्र्याच्या कपाटातून बॅटरी काढून जिन्याखाली आणलीत तरी पुष्कळ झालं. पण एक अगदी कळकळीनं सांगते, तिच्याजवळ सिगडी ठेवू नका. चार्ज होताना ट्यूब्युलर बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद खोली, हायड्रोजन आणि निखारे, हे एकत्र येता कामा नये. जिन्याखाली हवा खेळती हवी.

धुक्याचं पाणी पॅनेलवरची धूळ घेऊन खालच्या कडेला साचतं आणि तिथे चिखलाची बोटभर पट्टी वाळते. दिसायला क्षुल्लक. पण पॅनेल लांब बाजू वर-खाली करून बसवलेलं असेल तर ती पट्टी खालच्या ओळीतला प्रत्येक सेल झाकते, आणि सेल साखळीनं जोडलेले असल्यानं निम्मं पॅनेल, जुनं असेल तर सगळंच, ढेपाळतं. अकराच्या सुमारास, काच कोमट झाल्यावर, साध्या पाण्यानं आणि फडक्यानं पुसा.

सावलीचंही पाहा. जूनमध्ये भर दुपारी मीटरभर उंच टाकीची सावली जेमतेम पाच सेंटिमीटर पडते. डिसेंबरच्या शेवटी दुपारीच ती मीटरहून लांब होते आणि सकाळी सव्वानऊला सव्वादोन मीटर. मे महिन्यात जागा ठरवून बसवलेली पॅनेल हिवाळ्यात शेजारच्या टाकीखाली जातात, ती अशी. उद्या धुकं निवळलं की चहाचा कप घेऊन गच्चीवर जा, सावली कुठवर येते तिथे खडूनं रेघ मारा, आणि तो फोटो बसवणाऱ्याला पाठवा.