चैत्रातलं भरीत

नमस्कार श्रोतेहो.

मला इथे आत येण्याआधी बजावून सांगितलंय की पानं उलटताना आवाज करू नका, माइकला सगळं ऐकू जातं. म्हणून पानं सुटी आणली आहेत, टाचणी न लावता. एखादं हातून निसटून खाली पडलं तर गोष्ट मधूनच पुढे जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

मी लिहिणं थांबवलेला माणूस आहे. नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटलो, ते सरकारनं ठरवलं होतं. कादंबरीतून बहात्तराव्या वर्षी सुटलो, ते माझं मी ठरवलं. सात झाल्या. आठवीची एकशे दहा पानं झाली आणि एका पहाटे लक्षात आलं, आपण सहावीच परत लिहितोय, फक्त माणसांची नावं बदललीत. पानं सुतळीनं बांधली, माळ्यावर टाकली. नोकरीच्या वेळी नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. कादंबरीच्या वेळी माईनं एवढंच विचारलं, "मग आता पहाटेचा चहा साडेसहाला केला तर चालेल ना?"

माई म्हणजे माझी बायको. घरात सगळेच तिला माई म्हणतात, मीही. ती पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी. मी तापीकाठचा, यावलकडचा. माझी बोली निराळी. लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी ती रागावली की अहिराणीत जाते आणि मी चूप बसतो.

निवृत्त माणसाला घरात हळूहळू खाती मिळतात. माझ्याकडे नळाचं पाणी, मेथी निवडणं आणि उन्हाळ्यात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, राखण आहे. ज्यांनी खानदेशातला चैत्र-वैशाख काढलाय त्यांना हे खातं किती जोखमीचं ते सांगायला नको. ज्वारी भिजवायची, दळायची, तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, मिरची, तीळ, आणि गच्चीवर ओल्या धोतरावर पातळ बिबडे थापत जायचं. हे सगळं दहाच्या आत. दहानंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. थापणारीचा हात थांबता कामा नये, घाटा निवला की थापला जात नाही. राखणदारानं काठी घेऊन कावळे हाकायचे आणि नातवाचा हात हाकायचा, कारण तो कावळ्यापेक्षा जास्त खातो. मला मजुरी म्हणून वाटीभर गरम घाटा, वरून कच्चं तेल.

मागच्या चैत्रात असाच छत्रीखाली बसून घाटा खात होतो. माई थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमना हिरो चैतमा भरीत खास."

मला आधी काही उमगेना. मग उमगलं. माझी दुसरी कादंबरी. नायक शहरातून गावी परत येतो, चैत्रातली टळटळीत दुपार, आई त्याच्यासाठी भरीत करते, तो खातो आणि त्याचे डोळे भरून येतात. या पानाचं त्या काळी कौतुक झालं होतं. एका परीक्षणात तर त्याला मातीचा वास आहे असं लिहून आलं होतं.

आता भरीत ही काय चीज आहे ते इथल्या श्रोत्यांना मी काय सांगणार. बामणोदकडची ती मोठाली, हिरवट-पांढरी वांगी थंडीत येतात. शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. २०१६ मध्ये या वांग्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ते जागेचं. हंगामाचं मानांकन आमच्या घरात माईकडे आहे, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे होळीनंतरचं वांगं म्हणजे नुसत्या बिया. कोणती आई इतक्या वर्षांनी घरी आलेल्या लेकाला बिया खाऊ घालील?

मी म्हटलं, "अगं, पुस्तक येऊन पस्तीस वर्षं झाली. तेव्हा का नाही बोललीस?"

"कोनी इचारं का माले?"

आणि पुढचा बिबडा थापला.

खरंच विचारलं नव्हतं. पहाटे साडेचारला मी लिहायला बसायचो, फुलस्केप कागद, शाईचं पेन. त्या वेळी घरात भांडं वाजायचं नाही. मुलं लहान होती तेव्हा ती त्यांना कडेवर घेऊन मागच्या दारी जायची. पुस्तक छापून आलं की पहिली प्रत देवापुढे, दुसरी माईला, आणि तिनं ती वाचली का हे विचारायचं मला सुचायचं नाही. पुण्यातल्या समीक्षकाचं पोस्टकार्ड आलं का, हे मात्र मी रोज बघायचो.

त्या दिवशी संध्याकाळी सातही पुस्तकं तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, जिथे जिथे चुकलंय तिथे खूण कर. भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेची पानं फाडून तिनं पट्ट्या केल्या. दुपारी भांडी आवरली की चष्मा लावून वाचते. आता पुस्तकांतून पट्ट्या अशा बाहेर आल्यात जशा दुकानात लग्नपत्रिकांच्या नमुन्यांतून येतात.

काही चुका माझ्या नव्हेत. भरिताच्याच पानावर मी "पऱ्हाट्या पेटवल्या" असं लिहिलं होतं. तिकडच्या मुद्रितशोधकाला पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड हे ठाऊक नसावं, त्यानं "पणत्या पेटवल्या" केलं. म्हणजे माझ्या कादंबरीत भर चैत्रात, भर दुपारी, पणत्यांवर वांगी भाजली आहेत. तीन आवृत्त्या निघाल्या, एकाही वाचकानं पत्र लिहिलं नाही.

काही चुका निव्वळ अज्ञानाच्या. श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात, घरातल्या माणसागणिक मूठ मोजून गहू घेतात. माझ्या चौथ्या कादंबरीत ते रोट शेजारच्या घरी ताटलीतून पाठवलेत. त्या पट्टीवर माईनं पेन्सिलीनं लिहिलंय, "रोट भाऊबंदकीबाहेर कोनी देस का?" जन्मभर मी कानबाईचा रोट खाल्ला. तो कोणाला देत नाहीत हे मला कळलं नाही, कारण वाढणारा हात माझा नव्हता.

पण जी पट्टी मला झोंबली ती पावसाची. पहिल्याच कादंबरीत, पहिल्याच प्रकरणात, रात्री वळीव येतो आणि "कौलांवर सरींचा ताशा वाजू लागला" असं वाक्य आहे. माई म्हणाली, घर तर तुम्ही धाब्याचं सांगितलंय, कौलं कुठून आली?

कौलं कोकणातून आली, श्रोतेहो. कॉलेजात असताना मी वाचनालयातून ज्या कादंबऱ्या आणायचो त्यांत बहुतेक पाऊस कोकणातला होता. पाऊस कसा लिहायचा ते मी तिथे शिकलो आणि तोच उचलून तापीकाठी आणून पाडला. आमच्या घराला मातीचं धाबं होतं. मृगाच्या आधी वडील त्यावर पांढरी माती टाकायचे, आम्ही पोरं ती चोपायचो. धाब्यावर पाऊस पडला तर आत आवाज येत नाही, माती पिऊन टाकते. बाहेर पाऊस आहे हे वासानं कळायचं. आवाज यायचा तो नंतर, धाबं गळायला लागलं की, खाली ठेवलेल्या पातेल्यांचा. पितळेच्या पातेल्याचा निराळा, जर्मनच्या पातेल्याचा निराळा. आई अंधारात आवाजावरून सांगायची, ते कोपऱ्यातलं भरत आलं, बदल. हे मला पाठ होतं. आणि मी कौलं लिहिली.

बहिणाबाई चौधरी इथल्याच, जुन्या जळगावातल्या. अक्षर लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे सुचायचं ते मुलानं, सोपानदेवांनी टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, ते छापलं गेलं. सोपानदेव कवी होते, तरी आईचं ऐकत होते. आमच्या घरात कादंबरीकार होता, तो "आवाज करू नका" म्हणत होता.

त्याच १९५२ साली अमळनेरला साहित्य संमेलन झालं आणि नंतर थेट २०२४ मध्ये. या दुसऱ्या वेळी आम्ही दोघं गेलो होतो. मंडपात एकानं विचारलं, "नवीन काय चाललंय?" मी म्हटलं, बंद केलं. तो हळहळला. माई बाजूलाच होती. तिला मंगळग्रह मंदिरात जायची घाई झाली होती, ती म्हणाली, "चला, उन्हं वर येतील." आज वाटतं, त्या माणसाला तिच्याशी बोलायला लावायला हवं होतं.

सध्या ती पाचवं पुस्तक वाचतेय. मी रोज संध्याकाळी पट्ट्या मोजतो, पोरं निकालाच्या दिवशी लाल रेघा मोजतात तसा. एकीवर लिहिलंय, गाय व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी चहाला दूध कसं. एकीवर नुसतं "मोट केव्हाच गेली, इथं मोटर." काल एक पट्टी कोरी सापडली. पान शंभरच्या आसपास, दोन भावांची वाटणी होते तिथे. मी ते पान दोनदा वाचलं. चूक दिसेना. मग वाटू लागलं, हिला बहुधा हे पान आवडलं असावं.

रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "शंभराव्या पानावर खूण कशाची गं?"

"तठे? दूध उतू जाई ऱ्हायनं व्हतं."

काचेपलीकडून खूण होतेय, वेळ झाली. नमस्कार.