बार्शी लाईट: लातूरला पोचलेली अडीच फुटी रेल्वे

[दृश्य: कुर्डुवाडी जंक्शन. मुख्य मार्गापासून फुटून लातूरकडे जाणारे रूळ.]

मुंबई–सोलापूर लोहमार्गावरच्या कुर्डुवाडीतून दोन मार्ग फुटतात. एक बार्शी, येडशी, धाराशिव करत लातूरला जातो. दुसरा पंढरपूरमार्गे मिरजेला. दोन्ही आज ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी रुळांचे आहेत आणि दोन्हींवर विजेची इंजिनं धावतात. मात्र हे मार्ग मुळात सरकारने बांधलेले नाहीत. ते बांधले बार्शी लाईट रेल्वे या खाजगी ब्रिटिश कंपनीने, दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर ठेवून, एकेक तुकडा जोडत. लातूरला १९११ साली पहिली आगगाडी आली, ती याच कंपनीची.

बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. पण जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग गेला बार्शीपासून एकवीस मैलांवरून. तिथल्या स्टेशनाला नाव दिलं बार्शी रोड, आणि तेच आजचं कुर्डुवाडी. मधलं चौतीस किलोमीटरचं अंतर बैलगाडीने कापायचं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर चाक रुतलं की कापसाची गाडी तिथेच अडकायची.

एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. या एकवीस मैलांवर स्वस्तातली रेल्वे चालवता येईल, असं त्याने मांडलं. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली.

[दृश्य: रेखाचित्र. दोन रूळ, त्यांवर इंजिन आणि डबे. प्रत्येक आसाखाली वजनाचा आकडा.]

स्वस्तात रेल्वे बांधायची म्हणजे कुठे काटकसर करायची? कॅलथ्रॉपने याचा जो विचार केला, तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. ते ठरतं एका आसावर येणाऱ्या वजनावर. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, ज्याला रेल्वेत अ‍ॅक्सल म्हणतात. त्या काळच्या छोट्या रेल्वेंवर इंजिन जड असायचं आणि डबे हलके. समजा, इंजिनाच्या एका आसावर आठ टन येतात आणि डब्याच्या आसावर तीन. मग रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) आणि पूल हे सगळं आठ टनांसाठी बांधावं लागतं. गाडीत इंजिन एकच, डबे मात्र पंधरा-वीस. म्हणजे पैसे मोजायचे आठ टनांचे आणि गाडीच्या बहुतेक लांबीवर वापरायचे तीन टन.

कॅलथ्रॉपने नियम केला, की इंजिन असो वा डबा, भरलेल्या अवस्थेत कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. आणि मालडबा इतका मजबूत हवा की त्याने त्या पाच टनांपर्यंतचा भार खरोखर पेलावा. एक यार्ड लांबीला तीस पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो वजनाचा रूळ एवढ्यावर पुरतो. आजच्या ब्रॉडगेजवर मीटरला बावन्न किंवा साठ किलोचा रूळ असतो.

हा नियम इंजिनाला लावणं सगळ्यात अवघड होतं. ओढायला ताकद हवी तर चालत्या चाकांवर, म्हणजे इंजिनाची ताकद ज्यांना फिरवते त्यांच्यावर, वजन हवं, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं. कोरड्या रुळावर चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी असते. पावसात किंवा दवात ती आणखी घटते, म्हणून इंजिनावर वाळूची पेटी असते आणि चाकापुढे वाळू सोडतात. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी जे पहिलं इंजिन बनवलं, त्याला चार चालते आस होते आणि मागे दोन साधे. चार चालत्या आसांवर वीस टन, म्हणजे ओढ जास्तीत जास्त पाच टनांच्या आसपास. मागच्या दोन आसांवर कोळसा आणि पाण्याचा भार. सहा आसांचं मिळून सगळं इंजिन तीस टनांच्या आत बसवलेलं.

डबे बनवले लीड्स फोर्ज या कंपनीने. जाड तुळया आणि कोन रिव्हेट करून जोडण्याऐवजी तिने पोलादाचे पत्रे दाबून सांगाडे घडवले. त्यामुळे डब्याचं स्वतःचं वजन उतरलं. पाच टनांची मर्यादा ठरलेली असल्यामुळे डबा जेवढा हलका, तेवढा माल जास्त मावणार. मालडबे पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद अशा एकाच मापाच्या सांगाड्यावर बेतलेले. एकच माप ठेवल्याने सुटे भागही एकाच प्रकारचे लागत. सामान बोटीवर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून ही इंजिनं आणि डबे चालवून पाहिले होते. लाईट रेल्वे म्हणजे कच्ची रेल्वे, हा समज बार्शीच्या बाबतीत चुकीचा आहे. तिच्यात काटेकोर हिशेब होता.

[दृश्य: जुना नकाशा. बार्शीहून रेषा पूर्वेला सरकते.]

१९०६ मध्ये मार्ग पंढरपूरला पोचला. पूर्वेकडे तो बार्शीपुढे निजामाच्या मुलखात शिरला आणि १९११ मध्ये लातूरला टेकला. १९२७ मध्ये पंढरपूरच्या पुढे मिरजेपर्यंत गेला. मिरज ते लातूर मिळून दोनशे दोन मैल.

बार्शी ब्रिटिश मुलखात आणि येडशी, ढोकी, मुरूड, लातूर ही गावं हैदराबाद संस्थानात. संस्थानाची स्वतःची रेल्वे सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला गेलेली होती, आणि ती मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतराची. लातूर त्या मार्गापासून दूर. त्यामुळे लातूरच्या डाळीला, तेलबियांना आणि कापसाला मुंबईची वाट कुर्डुवाडीवरूनच होती.

मराठवाड्यात शिरताना हा मार्ग पांगरीपुढे बालाघाटाच्या डोंगररांगेवर चढतो. वर चढून आलं की येडशी. शंभराला एक असा चढ असेल तर दर शंभर टनांच्या गाडीसाठी नुसत्या चढापायी एक टन जादा ओढ लागते. चाकांचं घर्षण आणि वळणांचा अडथळा वेगळा. ज्या इंजिनाची पकडच जेमतेम पाच टन, त्याला घाटाखाली डबे मोजूनच जोडावे लागतात. सपाटीवर जे इंजिन लांबलचक गाडी सहज ओढतं, तेच घाटात निम्म्या गाडीला धापा टाकतं.

दुसरी अडचण पाण्याची. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी महत्त्वाचं, आणि बार्शीच्या पहिल्या इंजिनांचं पाणी इंजिनावरच्याच टाक्यांत मावेल तेवढं. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी कठीण असतं. ते बॉयलरमध्ये उकळलं की नळ्यांवर पांढरा थर धरतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि नळीचा धातू तापून कमजोर होतो. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करायचं, झडपा उघडायच्या आणि जोराच्या धारेने बॉयलर धुऊन काढायचा. उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की पाण्याची टंचाई आणि पाण्याचा कठीणपणा, दोन्ही एकदम वाढतात.

प्रवाशांच्या वाट्याला बहुतेक अशा छोट्या मार्गांवर मिश्रगाडी यायची, म्हणजे प्रवासी डबे आणि मालडबे एकाच इंजिनाला. प्रत्येक स्टेशनावर माल उतरवायचा, रिकामा डबा काढायचा, भरलेला जोडायचा. तोवर माणसं बसून. नॅरोगेज, म्हणजे अशी अरुंद रुळांची रेल्वे, हळू चालते याचं खरं कारण निम्मं वेळापत्रकातल्या या शंटिंगमध्ये होतं. उरलेलं निम्मं रुंदीत. सात फुटी डबा अडीच फुटी रुळावर, म्हणजे डबा रुळांच्या जवळजवळ तिप्पट रुंद. ब्रॉडगेजचा डबा रुळांच्या दुपटीहूनही कमी असतो. खाली पाया अरुंद आणि वर भार रुंद असला की सांध्यावर एक रूळ जरासा दबताच डबा जोरात झुलतो. वेग वाढवायचा तर रूळ सतत समपातळीत ठेवणारे गँगमन आणि भरपूर खडी हवी. हलक्या मार्गाला तो खर्च परवडत नाही.

[दृश्य: कुर्डुवाडीचं यार्ड.]

मात्र बार्शी लाईटची सगळ्यात महागडी जागा घाटात नव्हती. ती कुर्डुवाडीला होती. लातूरहून आलेलं प्रत्येक पोतं इथे नॅरोगेजच्या डब्यातून उतरायचं आणि ब्रॉडगेजच्या डब्यात चढायचं. दोन वेळा हमाली, पोती फाटणं, पावसात भिजणं, आणि ब्रॉडगेजचा रिकामा डबा हाताशी नसला की माल फलाटावर पडून. डबे अदलाबदलीची वाट बघत उभे राहिले की तिकडे लातूरला डब्यांचा तुटवडा पडणार. रूळ आणि पूल स्वस्तात बांधून जे वाचलं, त्यातलं बरंच या एका यार्डात रोज खर्ची पडत होतं. माझ्या मते बार्शी लाईटचं मूल्यमापन करताना कुर्डुवाडीची ही हमाली सोडून दिली तर हिशेब खोटा ठरतो.

आषाढी-कार्तिकीला माणसांचाही तोच प्रकार. मुख्य मार्गाच्या गाडीतून हजारो वारकरी कुर्डुवाडीला उतरणार आणि त्यांच्यापुढे छोट्या डब्यांची गाडी उभी. भारतभर यात्रांच्या दिवसांत मालडब्यांतून माणसं नेण्याची तेव्हा पद्धतच होती.

१ जानेवारी १९५४ ला भारत सरकारने बार्शी लाईट ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. रूळ मात्र त्यानंतर पाच दशकं अडीच फुटीच राहिले.

[दृश्य: धाराशिव स्टेशन. मालगाडी थांबलेली.]

नॅरोगेजचं ब्रॉडगेज करणं म्हणजे रूळ तीन फूट बाजूला सरकवणं नव्हे. मातीचा भराव माथ्याला अरुंद, तो दोन्ही बाजूंनी रुंद करून दाबून बसवावा लागतो. पूल पाच टनांच्या आसासाठी बांधलेले, ते पाडून नवे. वळणं तीव्र, ती मोठ्या त्रिज्येची करायची तर नवी जमीन लागते. म्हणजे नाव रूपांतराचं, पण काम नवा मार्ग बांधण्याइतकंच. त्यातून एक जुनी चूक दुरुस्त झाली. धाराशिव हे जिल्ह्याचं ठिकाण असूनही नॅरोगेज तिथून जात नव्हती, येडशीला उतरून रस्त्याने जावं लागे. ब्रॉडगेज मुद्दाम धाराशिववरून वळवली. लातूर ते धाराशिव भाग २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये सुरू झाला. पंढरपूर–मिरज त्यानंतर. विजेची तार मात्र सगळ्यात उशिरा आली. औसा रोड ते लातूर रोड हा बावन्न किलोमीटरचा तुकडा २३ फेब्रुवारी २०२३ ला पूर्ण झाला आणि त्याबरोबर सगळ्या मध्य रेल्वेचं विद्युतीकरण संपलं. रांगेत शेवटचा नंबर लातूरचा होता.

ब्रॉडगेजच्या या बदलाचं मोल लातूरला २०१६ च्या दुष्काळात कळलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. मार्ग मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. म्हणजे बार्शी लाईट या टोकापासून त्या टोकापर्यंत. भरलेल्या अशा एका टाकीच्या प्रत्येक आसावर वीस टनांच्या आसपास भार येतो. पाच टनांच्या रुळावर ती उभीही राहिली नसती. आणि पंढरपूर–मिरज नॅरोगेजच राहिलं असतं, तर पाणी वाटेत उपसून दुसऱ्या गाडीत भरावं लागलं असतं.

[दृश्य: एकेरी मार्ग, लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) थांबलेली पॅसेंजर.]

आज या मार्गाची मर्यादा रुळाच्या ताकदीत नाही, एकेरीपणात आहे. दोन स्टेशनांमध्ये दहा किलोमीटर अंतर आणि गाडीचा सरासरी वेग ताशी पन्नास धरला, तर एका गाडीला बारा मिनिटं लागतात. ती पलीकडे पोचून सिग्नल आणि पॉइंट (रूळ बदलणारे सांधे) बदलेपर्यंत समोरची गाडी निघू शकत नाही. म्हणजे जाऊन-येऊन एक जोडी अर्ध्या तासाला. एखादी गाडी वीस मिनिटं उशिरा आली की तिची क्रॉसिंगची, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्याची, जागा पुढच्या स्टेशनावर सरकते, आणि थांबवली जाते ती बहुतेक वेळा पॅसेंजर. पन्नास टाक्यांची गाडी इंजिन धरून सव्वासहाशे मीटरच्या वर जाते. तेवढी लांब लूप जिथे नसेल तिथे ती बाजूला घेता येत नाही, म्हणून पुन्हा पॅसेंजरच बाजूला.

ढोकी, मुरूड, येडशीच्या माणसाला रोज लागते ती हीच गाडी. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या मार्गाचं काम चालू आहे. तो जोडला गेला की तुळजापूरला पहिल्यांदा रेल्वे मिळेल आणि धाराशिव जंक्शन होईल. त्या गाड्याही धाराशिव–लातूरच्या याच एका रुळावर आल्या, तर क्रॉसिंग वाढणार. म्हणून नवा मार्ग सुरू होण्याआधी धाराशिव ते लातूरमधल्या स्टेशनांवरच्या लूप पूर्ण लांबीच्या मालगाडीला पुरतील एवढ्या करून घेणं, आणि त्यानंतर हा टप्पा दुहेरी करणं, हाच क्रम योग्य आहे. आधी गाड्या वाढवून मग लूप वाढवल्या, तर मधल्या वर्षांत पॅसेंजरचं वेळापत्रक कागदावरच राहील.