फ्रीजर बंदच होत नाही? गॅसचं नंतर बघू, आधी मागची जाळी उघडा

(सुरुवातीला फक्त मशीनचा आवाज येऊ द्या, मग निवेदन)

ऐकताय ना हा आवाज, सकाळपासून असाच चालू आहे. अमळनेर तालुक्यातलं गाव, मे महिना, वर पत्रे, आणि खोलीच्या कोपऱ्यात हा वरून उघडायचा डीप फ्रीजर. काकू यात कुल्फी जमवतात, आमरसाचे डबे ठेवतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे, "दिनरात घूऽऽ करस, बंद व्हवानं नावच लेत नही."

गल्लीत ज्याला विचारलं त्याचं एकच उत्तर, गॅस संपला असेल. कोणी म्हणे जुना झाला, एक्स्चेंजमधे देऊन टाका. आमचा सगळा राग या दोन वाक्यांवरच आहे. फ्रीजरचा गॅस वापरून वापरून संपत नसतो हो, तो बंद पाईपात गोल गोल फिरत राहतो, कंप्रेसर त्याला दाबतो, गरम झालेला गॅस कंडेन्सरमधून जाताना उष्णता बाहेर टाकतो, मग आतल्या पाईपात जाऊन डब्यांची उष्णता उचलतो आणि परत फिरतो. आमचे मेकॅनिक भाऊ तेच सांगतात, "पाईप फुटना नही तं गॅस कुठे जाई?"

आता हा स्टिकर बघा. मागच्या बाजूला असतो, कोणी वाचत नाही. यावर एक अक्षर असतं, एन असेल तर मशीन 32 डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी बनवलंय, एसटी असेल तर 38 आणि टी असेल तर 43. काकूंचा टी आहे, म्हणजे यादीतला सगळ्यात तगडा. पण आपल्याकडं जळगाव भुसावळ पट्ट्यात मे मधे पारा 44-45 ला टेकतो, पत्र्याखाली तर अजून वर. मग भर दुपारी कंप्रेसर थांबला नाही तर त्यात बिचाऱ्याचा दोष किती? इन्व्हर्टर कंप्रेसर असेल तर तो तसाही हळू स्पीडवर तासन्तास चालतो, तो बिघाडच नाही. खरा प्रश्न पहाटेचा आहे. पहाटे गारव्यातही कट-ऑफ घेत नसेल, म्हणजे कंप्रेसर आपोआप थांबत नसेल, तर काहीतरी अडकलंय.

काय अडकलंय ते आता दिसेल. प्लग काढलाय, मशीन भिंतीपासून ओढलंय, मागच्या बाजूला खाली असलेल्या जाळीचे स्क्रू सुटताहेत.

(क्लोजअप: जाळीमागचा कंडेन्सर. निवेदन थोडं थांबवा)

हा कापूस आहे. भाव वाढेल या आशेवर याच खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरून ठेवला होता, खान्देशात हे नवीन नाही, आणि त्या कापसाच्या भावाची रडकथा सांगायला वेगळाच व्हिडिओ लागेल. तर खोलीभर उडणारा तो बारीक तंतू कंडेन्सरचा पंखा आत ओढत राहिला आणि कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांच्या फटींमधे धुळीबरोबर त्याचा थर बसला. भाऊंनी टोकाला धरून ओढला तर गोधडीचं अस्तर उसवावं तसा अख्खा पट्टा निघून आला. पंख्याच्या दांड्यालाही गुंडाळी बसलेली, बोटानं फिरवला तर अडखळत फिरतोय. बाहेर जायची उष्णता जागच्या जागी कोंडली, आत थंडी पडेना, थर्मोस्टॅटला हवं ते तापमान मिळेना, मग तो कंप्रेसर बंद तरी कशाला करेल?

आता हात बघा त्यांचे. रंगाचा मऊ ब्रश, आणि तो फटींच्या दिशेनंच फिरतोय, आडवा मारला तर त्या पातळ पत्र्या वाकतात आणि हवेची वाट परत बंद. मग ब्लोअर, अंगणाच्या बाजूनं. पाणी अजिबात नाही. सगळ्याच फ्रीजरला अशी जाळी नसते, काहींचा कंडेन्सर बाजूच्या पत्र्याच्या आतच असतो म्हणून बाजू गरम लागते, तिथं साफ करायला काही नाही, फक्त भिंतीपासून लांब ठेवा आणि वरून गोधड्या पांघरू नका.

पुढचा शॉट दहाच्या नोटेचा. झाकणात नोट धरून बंद करायचं आणि ओढायची. तीन कोपऱ्यांत घट्ट बसते, चौथ्यात अलगद सरकते. रबर तिथं चेपलंय आणि बरोब्बर त्याच कोपऱ्याखाली आत बर्फाची जाड किनार आलीय, कारण बाहेरची दमट हवा तिथूनच घुसते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं रबरावर दाबून धरलं की बरंचसं फुलून येतं, फाटलेलं असेल तर मात्र बदलावंच लागतं.

बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला की तोच थंडी अडवतो, मशीन अजून पळतं. तो चाकूनं नाहीतर स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचा नाही. खरवडताना टोक पाईपात घुसलं की मग खरंच गॅस गेला. झाकण उघडं ठेवा, खालचं बूच काढा, पाणी जाऊ द्या. आपल्या उन्हाळ्यात यापेक्षा जास्त काही करावं लागत नाही, उन्हाळ्याचा तेवढा तरी उपयोग.

नॉबही बघून घ्या. उन्हाळा आला की सगळे तो शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवतात, मग 45 डिग्रीत ते तापमान गाठणारच नाही, मधे आणा. आत उणे 18 मिळालं की पुरे. नॉब शून्यावर नेऊनही कंप्रेसर चालूच राहिला तर थर्मोस्टॅटचे पॉइंट, म्हणजे आतला चालू-बंद करणारा स्विच, चिकटलेत, तो पार्ट बदलायचा.

बिलाचं म्हणाल तर 150 वॉटचा कंप्रेसर चोवीस तास चालला की दिवसाला 3.6 युनिट, गुणाकार घरी करा.

(काकूंचा चेहरा, कंप्रेसर बंद झाल्याचा आवाज. इथं निवेदन नको)

एवढं सगळं करूनही पहाटे थांबत नसेल तर रात्रभर चालवून आतल्या भिंती बघा. बर्फ एकाच भागात धरतोय आणि बाकी भिंत नुसती ओली, तर गॅस कमी असू शकतो, तेव्हा मेकॅनिक बोलवा. स्टिकरवर आर-600ए लिहिलेलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, ते त्याला आधीच सांगा. आणि लीक न शोधता नुसता गॅस भरून देतो म्हणाला, तर चहा पाजा आणि दुसरा बघा.