पातेल्यात सापडलेला तित्तिर

तर मंडळी, टांझानियात उझुंग्वा नावाचे डोंगर आहेत, तिथल्या एका पक्ष्याबद्दल आज बोलायचंय. आहे तित्तिरच, पण रानातला. आपल्याकडे तित्तिर म्हटलं की माळरान, गवत, शेताचा बांध असंच काहीतरी डोळ्यांपुढे येतं ना, हा मात्र दाट सदाहरित जंगल सोडून बाहेरच पडत नाही, तेही डोंगरावरचं, साधारण १३०० मीटरच्या वरचं.

१९९१ साली डॅनिश संशोधकांची एक टीम तिथे पक्ष्यांचा सर्व्हे करत होती. एकदा जेवणाच्या पातेल्यात त्यांना पक्ष्याचे दोन पाय दिसले आणि हे पाय कुठल्याच ओळखीच्या पक्ष्याचे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं! पुढे जिवंत पक्षीही दिसले, आणि १९९४ मध्ये नवी प्रजाती, नुसती प्रजातीच नाही तर नवा जीनस, म्हणजे प्रजातीच्या वरचा गट, म्हणून त्याची नोंद झाली. म्हणजे जगाला पत्ता लागला तो असा. ज्यांच्या चुलीवर तो शिजत होता त्यांना तो आधीपासूनच माहीत होता म्हणा, चवीसकट.

दिसायला देखणा आहे. तांबूस चेहरा, लाल चोच, पिवळे पाय, पाठीवर तपकिरी पट्टे आणि पोटाकडे राखाडी रंगावर काळे ठिपके. छोट्या थव्याने फिरतात, पाचोळा पायांनी उकरायचा, बाजूला फेकायचा, खाली भुंगेरे मुंग्या बिया जे सापडेल ते टिपायचं आणि पुढे सरकायचं, रात्र झाली की झाडावर चढून फांदीवर झोपायचं.

पण खरी गंमत त्याच्या गोतावळ्यात आहे. आफ्रिकेत तित्तिरांची काही कमी नाही, तरी त्यांच्याशी याचं फारसं जवळचं नातं नाही. याचे जवळचे नातेवाईक कुठे, तर आशियात! हिमालयापासून अरुणाचल, आणि पुढे थेट जावापर्यंत जे डोंगरी तित्तिर आहेत, ते. आता हा एवढ्या लांब एकटा कसा गेला? तर संशोधकांचा अंदाज असा की लाखो वर्षांपूर्वी, म्हणजे मायोसीन काळात वगैरे, अरबस्तानाच्या बाजूने जंगलांचा पट्टा होता, त्यातून हे पक्षी आफ्रिकेपर्यंत पसरले, मग हवामान कोरडं होत गेलं, मधलं जंगल संपलं आणि हे तिकडेच राहिले. वाडा पडला, बाकीचे गेले, एका खोलीत एक जुना भाडेकरू टिकून राहिला, तसंच काहीसं.

आणि ती खोली का टिकली? तर हिंदी महासागरामुळे. हे डोंगर समुद्राकडे तोंड करून उभे आहेत, तिकडून बाष्प घेऊन वारे येतात, धुकं येतं, पाऊस पडतो. हिमयुगात आफ्रिकेचा बराच भाग सुकला तेव्हाही इथली जंगलं ओली राहिली. त्यामुळे इथे असं जुनं जुनं बरंच काही सापडतं. याच डोंगरांतल्या न्डुंडुलूच्या जंगलात किपुंजी नावाचं माकड मिळालं, चांगलं मोठं माकड, आणि त्याची शास्त्रीय नोंद व्हायला २००५ उजाडलं! मग तित्तिर लपून राहिला यात नवल ते काय. त्याचा एक भाऊबंद पुढे रुबेहो डोंगरांतही सापडला, त्याला वेगळी प्रजाती म्हणायचं की उपजात यावर वाद घालणारे आहेतच.

जाता जाता, आपल्या मोराचाही एक नातलग आफ्रिकेत आहे, कांगोत. जेम्स चॅपिन या अमेरिकन माणसाला १९१३ मध्ये इतुरीच्या जंगलात एकाच्या टोपीत एक अनोळखी पीस दिसलं, ते त्याने जपून ठेवलं, आणि १९३६ मध्ये बेल्जियमच्या म्युझियममध्ये त्याच पिसाचे दोन पेंढा भरलेले पक्षी सापडले, त्यांच्यावर लेबल काय, तर भारतीय मोराची पिल्लं! एक टोपीत मिळाला, एक पातेल्यात.

आता हा तित्तिर बघायचा असेल तर काय करायचं, हे शेवटी कोणीतरी विचारतंच. उडेक्वा नावाच्या गावातून वाटाड्या घेऊन वर चढायचं, तंबूत राहायचं, आणि पाचोळ्यात खसखस कुठे ऐकू येते त्याकडे कान लावून चालायचं. धोका त्याला मुख्यतः फासे लावणाऱ्यांचा आहे, जमिनीवर चालणारा पक्षी फाशात पटकन अडकतो, आणि हा मुळात राहतो मोजक्याच डोंगरांवर, त्यामुळे एखाद्या डोंगरावर शिकार जोरात झाली तर तिथला तो संपलाच, बाहेरून नवीन यायला शेजारी आहेत कुठे.