फक्कीच्या रेषा

(पहाट. मोकळं मैदान. फक्कीचं घमेलं घेऊन चालणारी पावलं.)

ही पांढरी रेषा बघा. मुठीतून फक्की सुटते, ताणलेल्या दोरीच्या कडेनं माणूस मागे मागे सरकतो आणि गवतावर भिंत उमटते. खरी भिंत उभी राहायला अजून बराच अवकाश आहे. पण ती कुठे उभी राहणार आणि दार कुठल्या बाजूला उघडणार, याचा निकाल आज सकाळी लागतोय.

एका छोट्या शहराची ही जागा. जागा एकच, मागण्या दोन. मुलांना खेळायला मैदान हवं, वयस्कर माणसांना चालायला वाट आणि टेकायला बाक हवेत. आणि रस्त्यावर सापडलेल्या, जखमी झालेल्या, कुणीतरी सोडून दिलेल्या प्राण्यांना निवारा हवा. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. मैदान वस्तीत येतं. निवारा जातो वेशीबाहेर, कचऱ्याच्या डोंगराशेजारी, जिथलं भुंकणं कुणाच्या कानावर पडत नाही.

(जुन्या निवाऱ्याकडे जाणारा रस्ता, गाडीतून.)

हा जुन्या निवाऱ्याचा रस्ता. घरं संपली. दिव्यांचे खांब संपले. गाडी अजून चालतेच आहे. सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन इतक्या लांब कोण येणार? आणि कुणी आलंच नाही, तर इथल्या कुत्र्याला घर मिळणार तरी कसं?

(जाळीला टेकलेलं नाक. दहा सेकंद निवेदन नाही. फक्त आवाज.)

निवारा मैदानाला खेटून बांधायचा, हे या आखणीतलं सगळ्यात मोठं पाऊल. त्याला विरोधही झाला. सभेत हात वर करून बोलणाऱ्या या बाईंचं घर मैदानाच्या पलीकडेच आहे. त्यांचं म्हणणं एकच, रात्रभर भुंकणं चालेल, मग झोपायचं कधी? ही तक्रार खोटी नाही, आणि नवीही नाही. लंडनमध्ये मेरी टिल्बी यांनी १८६० साली हॉलोवे भागात बेवारस कुत्र्यांसाठी घर काढलं. शेजारी आवाजानं वैतागले. १८७१ साली ते घर बॅटरसीला हललं, रेल्वेच्या रुळांच्या बेचक्यात. तिथे ते आजही चालू आहे. १८८३ पासून तिथे मांजरंही घेतात. म्हणजे भुंकण्याचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीही होता. तेव्हा उत्तर होतं, लांब जा. या कागदावर उत्तर वेगळं शोधलंय.

(नकाशा. त्यावर फिरणारं पेन्सिलचं टोक.)

बंद खोलीत सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली की आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. रोज आठ तास ८५ डेसिबलमध्ये काम करणाऱ्याच्या कानांना धोका असतो. म्हणजे त्रास शेजाऱ्यांच्या आधी आतल्या माणसांना, आणि त्यांच्याही आधी कुत्र्यांना. त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. एवढ्याशा जागेत नुसत्या अंतराच्या भरवशावर राहता येत नाही.

मग पेन्सिल काय करते ते बघा. पिंजऱ्यांची तोंडं मैदानाकडे पाठ करून. पिंजरे आणि मैदान यांच्या मध्ये कार्यालय, सामानाची खोली, उपचारांची खोली. म्हणजे आवाजाच्या वाटेत इमारतच आडवी. छताला आवाज शोषणारे पत्रे, धुता येतील असे आणि दातांच्या टप्प्यात येणार नाहीत इतक्या उंचीवर. आणि समोरासमोर पिंजरे नाहीत. कुत्रं कुत्र्याला बघून भुंकतं. नजर तोडली की निम्मं भांडण तिथेच थांबतं.

(फळा. खडूनं लिहिलेले आकडे.)

आता हा फळा. आमच्या चित्रीकरणातला हा सगळ्यात लांब प्रसंग, आणि तो कापायला आमचं मन झालं नाही.

सभेत पहिला प्रश्न आला तो, पिंजरे किती? कुणी म्हणालं पन्नास, कुणी म्हणालं शंभर. आखणी करणाऱ्या बाईंनी पिंजऱ्यांचा आकडा लिहिलाच नाही. त्यांनी विचारलं, एक कुत्रं आत किती दिवस राहतं?

समजा, रोज २ कुत्री येतात. प्रत्येक कुत्रं सरासरी ३० दिवस राहिलं, तर कुठल्याही दिवशी आत ६० कुत्री असणार. तेच राहणं १० दिवसांवर आणलं, तर २०. येणारी कुत्री तेवढीच, पिंजरा एकही वाढला नाही, आणि गर्दी एक तृतीयांशावर. दुकानाच्या रांगेपासून दवाखान्याच्या खाटांपर्यंत सगळीकडे हेच गणित लागू पडतं. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली ते रीतसर सिद्ध करून दाखवलं.

पण दिवस कमी कसे करायचे? इथे आखणी कामाला येते. आल्या आल्या तपासणी आणि लस, म्हणून तपासणीची खोली थेट मागच्या दाराशी. नसबंदी त्याच इमारतीत, म्हणजे गाडी आणि तारखेची वाट बघत आठवडा जाणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसांची वर्दळ. मुलाला खेळायला घेऊन आलेली आई खिडकीतून आत डोकावते. पुढच्या वेळी थांबते. कधीतरी आत येते. मैदान शेजारी हवं ते याचसाठी.

काही दिवस मात्र कमी करता येत नाहीत, करूही नयेत. माणसाला चावलेलं कुत्रं रेबीजच्या शंकेमुळे १० दिवस नजरेखाली ठेवावं लागतं. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळं दार. नकाशावर ती लाल रंगात आहे.

(बादली. फरशीच्या नमुन्यावर ओतलेलं पाणी.)

हे गृहस्थ जुन्या निवाऱ्यात पिंजरे धुतात. सभेत ते मागच्या रांगेत बसले होते. नकाशा त्यांच्यासमोर धरला, तेव्हा त्यांनी ना आकडा विचारला ना रंग. म्हणाले, “ताई, धुतलेलं पाणी शेजारच्या पिंजऱ्यातनं जाणार का?”

जाणार होतं. सगळ्या पिंजऱ्यांना मिळून एकच उघडी मोरी काढलेली होती.

पार्व्हो हा कुत्र्यांचा, विशेषतः पिल्लांचा जीवघेणा रोग. त्याचा विषाणू फटीत, मातीत महिनोन्महिने टिकतो. नेहमीची बरीच जंतुनाशकं त्याला मारू शकत नाहीत. घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३२ भाग, असं द्रावण लागतं. तेही आधी फरशी घासून स्वच्छ करायची, मग द्रावण ओतून १० मिनिटं ओली ठेवायची. एका पिंजऱ्यातलं घाण पाणी दुसऱ्यातून वाहिलं, तर पिल्लांच्या खोलीत काय होईल ते सांगायला नको. आता प्रत्येक पिंजऱ्याला स्वतःचं झाकणाचं भोक आहे आणि फरशीला ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार. पिंजराही दुभागलेला, मध्ये सरकतं दार. एका भागात कुत्रं, दुसऱ्या भागात खराटा. ओल्या अंगानं कोपऱ्यात दबून बसायची वेळ कुणावर येणार नाही.

बादली पुन्हा ओतली. पाणी कुठे गेलं ते बघा.

(पाणी भोकाकडे धावतं. निवेदन थांबतं.)

मांजरांची खोली दुसऱ्या टोकाला, जिथून कुत्रं दिसणार नाही आणि ऐकूही येणार नाही. मांजर घाबरलं की खात नाही, आणि खाल्लं नाही की आजारी पडतं. तिच्या खाण्याच्या वाटीपासून विष्ठेची पेटी निदान ६० सेंटिमीटर दूर, हा साधा नियम. पण लहान चौकोनी पिंजऱ्यात तो पाळताच येत नाही. म्हणून दोन पिंजऱ्यांमध्ये गोल भोक पाडून त्यांची एक घरकुली केली आहे. लपायला एक खोकं. बस्स. हवा ताशी १० ते २० वेळा बदलेल, अशी सोय दोन्हीकडे.

(मुलं. वाळूचा हौद. उड्या.)

आणि हे मैदान. मोठ्या खेळाची जागा उत्तर-दक्षिण आखली आहे, म्हणजे संध्याकाळचं तिरपं ऊन कुठल्याच गोलरक्षकाच्या डोळ्यांत जाणार नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ला १, त्याहून तीव्र नाही.

लहानांच्या कोपऱ्यासाठी आम्हाला अॅमस्टरडॅमचं उदाहरण सांगितलं गेलं. युद्धानंतर, १९४७ साली, आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुरचनाकारानं तिथल्या एका चौकात पहिलं खेळाचं मैदान केलं. पुढच्या तीसेक वर्षांत त्यांनी शहरभर अशी सातशेच्या आसपास मैदानं आखली. पडक्या घरांच्या मोकळ्या जागा, रस्त्याचे कोपरे, काही वाया जाऊ दिलं नाही. खेळणी अगदी साधी. रुंद काठाचा वाळूचा हौद, उड्या मारायला दगडांचे ठोकळे, लोंबकळायला दांड्या. हौदाच्या काठावर मूलही बसतं आणि आजीही. इथला हौद तसाच आहे.

फक्त त्याला झाकण आहे. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून गोल जंताची अंडी वाळूत पडतात. ती लगेच बाधत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी बाधक होतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात. विष्ठा त्याच दिवशी उचलली, रात्री हौद झाकला आणि प्राण्यांना वेळच्या वेळी जंताचं औषध दिलं, की मूल आणि कुत्रं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना सुखानं राहू शकतात. कुत्र्यांच्या फिरण्याच्या जागेला दोन दारं आहेत, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

माणसं किती लागतील, वीजपाण्याचा खर्च कोण उचलणार, हे पालिकेच्या पुढच्या बैठकीत ठरेल. तोवर जुना निवारा तिथेच आहे आणि कुत्रीही तिथेच आहेत.

(पुन्हा मैदान. सूर्य वर आलेला.)

लाल खोलीची रेषा आज दुसऱ्यांदा मारली जातेय. सकाळी दार खेळाच्या फाटकाकडे उघडत होतं. पिंजरे धुणारे तेच गृहस्थ रेषेवर उभे राहिले, दोन्ही हात पसरून दार उघडल्यासारखं केलं आणि मान हलवली. आता पायानं फक्की पुसली जातेय. दोरी सैल केली, खुंटी उपटली आणि चार पावलं मागे नेऊन पुन्हा ठोकली.

(हातोडीचे तीन ठोके. मुठीतून सुटणारी फक्की.)