बंदरावर न उतरणारा द्वेष

श्रीवर्धन तालुक्यातलं शेखाडी. समोर अरबी समुद्र, मागे माडापोफळीच्या वाड्या. १९९३ च्या सुरुवातीला याच किनाऱ्यावर चोरून आरडीएक्स उतरवलं गेलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. तेव्हापासून समुद्रावर गस्त वाढली. पुढे कोळीवाड्यांतून सागर सुरक्षा दलं उभी राहिली. अनोळखी बोट दिसली की मासेमारच पोलिसांना कळवतात.

द्वेषाला आता बोट लागत नाही. तो मध्यरात्री पोराच्या मोबाइलवर येतो.

१५ मार्च २०१९. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला एका गोऱ्या वंशवाद्याने दोन मशिदींत गोळीबार केला. ५१ जणांचा जीव गेला. हे त्याने फेसबुकवर थेट दाखवलं. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. अशा व्हिडिओचा डिजिटल ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारा संगणकी संकेत, कंपन्या एकमेकींना देतात, म्हणजे तो पुन्हा चढवताना पकडता येतो. पण थोडी काटछाट केली की तोच व्हिडिओ निसटू शकतो.

२०१४ मध्ये आपल्या कल्याणचे चार तरुण आयसिससाठी इराकला गेले. धर्म वेगळा, देश वेगळा, पण पोरं ओढण्याची रीत तीच. सुरुवातीला हिंसा दाखवतच नाहीत. आपल्या लोकांवर झालेला अन्याय दाखवतात, कधी खरा, कधी रचलेला. पोराने चिडून काही लिहिलं की कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतं. मग बंद ग्रुपमध्ये बोलावणं येतं. आणि मग सांगितलं जातं, ‘घरी बोलू नकोस, त्यांना नाही कळायचं.’

या वाक्यापाशी पोरगा घरापासून तुटतो. वडील आखातात, थोरला भाऊ मुंबईला, घरी आई आणि आजी. कोकणात अशी घरं किती! तरी बदल पहिल्यांदा दिसतो तो आईलाच. जुने मित्र सुटले, क्रिकेट सुटलं, शेजारच्या घरी जाणं बंद झालं. ती गप्प राहते, कारण पोलिसांची भीती आणि गावाची लाज.

ही भीती कमी व्हायला हवी. महाराष्ट्र एटीएसने, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, बहकलेल्या अनेक तरुणांना अटक न करता, घरचे आणि धर्मगुरू यांना सोबत घेऊन, समजावून मागे आणलं आहे. फोन हिसकावून काही साधत नाही. पोरगा दुसरा मिळवतो. जवळ बसून विचारा, ‘हे तुला कोण पाठवतं रे? कधी भेटलायस त्याला?’ उत्तर लगेच नाही मिळणार. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. तो ज्याचं ऐकतो त्या मामाला, सरांना बोलवा.

मात्र हत्यार, घातपात किंवा गुपचूप निघून जाण्याची भाषा कानावर आली, तर वाट पाहू नका. ११२ ला फोन करा.