लाटेतला उजेड, मासळीवरचा उजेड

(दृश्य: देवगडचा किनारा, रात्र. फुटणारी निळी लाट.)

डिसेंबरातली काळोखी रात्र. लाट फुटते आणि तिच्या काठाने निळा उजेड धावत जातो. ओल्या वाळूत पाय आपटला की पावलाभोवती ठिणग्या उडतात. ही करामत नॉक्टिलुकाची. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी, पण आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हे पाणी ग्लासात घेऊन दिव्यासमोर धरलं, तर तिचा गोल ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो.

(दृश्य: अंधारात ठेवलेली टोपली.)

बर्फाविना राहिलेली समुद्राची मासळीही कधीकधी अंधारात निळसर दिसते. हा उजेड जिवाणूंचा. ते इतके लहान, की मिलिमीटरभर रांगेत शेकडो मावतील.

हे दोन्ही उजेड शेजारी ठेवून बघावेत. मासळीवरचा एकसारखा तेवत राहतो. लाटेतला धक्का लागताच लखकन चमकतो आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत विझतो. असं का?

जिवाणू आदिकेंद्रकी. त्याच्या पेशीत केंद्रक नाही. डीएनएचा धागा, बहुधा गोलाकार, पेशीद्रवातच असतो. उजेडाची रासायनिक क्रिया घडवणारं विकरही त्याच द्रवात. इंधन आणि ऑक्सिजन मिळतोय तोवर काम चालू.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली नॉक्टिलुका.)

नॉक्टिलुका दृश्यकेंद्रकी. कोकणातल्या घरात ओटी, माजघर, कोठार वेगळं, तशी तिची पेशी आतून पडद्यांनी विभागलेली. डीएनए केंद्रकाच्या दुहेरी पडद्याआड. मधली मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाची पिशवी, आम्लाने भरलेली, आणि तिला लगटून उजेडाचं रसायन साठवणाऱ्या बारीक पिशव्या. लाटेचा धक्का बसला की रिक्तिकेच्या पडद्यावरून विजेची लहर धावते, आम्ल पिशवीत उतरतं आणि प्रकाश पडतो. आम्ल आणि रसायन एरवी वेगळं ठेवता येतं, म्हणूनच हा उजेड हवा तेव्हाच लागतो. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

पेशीपटल, डीएनए आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम दोघांकडेही आहेत. रायबोसोमची घडण मात्र वेगळी. तोच फरक हेरून काही प्रतिजैविकं जिवाणूंना मारतात आणि आपल्या पेशींना फारसा धक्का लावत नाहीत.

दृश्यकेंद्रकी पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका आणखी चकित करते. तिचा स्वतःचा डीएनए असतो, रायबोसोम जिवाणूंच्या वळणाचे, आणि ती दुभंगून वाढते. तंतुकणिका म्हणजे एकेकाळी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिलेला जिवाणू, हे जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ठामपणे मांडलं. अनेक नियतकालिकांनी तो लेख आधी परत पाठवला होता. आज ते पाठ्यपुस्तकात आहे.

(दृश्य: हिरवट झालेलं समुद्राचं पाणी.)

अरबी समुद्रात हिवाळ्यात हिरवी नॉक्टिलुकाही वाढते. तिच्या रिक्तिकेत इवली हिरवी शैवालं जिवंत पोहत असतात आणि तिला अन्न पुरवतात. ती शैवालंही दृश्यकेंद्रकीच, आणि अजून स्वतंत्र जीव आहेत. तंतुकणिकेसारखी पेशीचा भाग झालेली नाहीत.